सोसायटीच्या बागेतलं हत्तीगवत

कळंबच्या दूध डेअरीवर रांगेत माझ्या पुढं दोघं शेजारी उभे होते, दादाभाऊ आणि भिमा.

"भिमा, सोसायटीची बाग राखायची पाळी यंदा तुझी. फुलझाडं लावायची सोडून तू हत्तीगवत लावलंस. पुरुषभर वाढलंय. पोरं खेळायची बंद झाली तिथं."

"मोकळी जमीन बघवत न्हाई, दादाभाऊ. म्हशीला वैरण तरी झाली. आन् काल कापायला घेतलं की मी."

"मग अर्ध्यातच का सोडलंस?"

"हळू बोला. आत पिल्लं सापडली. दोन."

"कशाची?"

"बिबट्याची."

"आरं देवा! आन् त्यांची आई?"

"दिसली न्हाई."

"फॉरेस्टवाल्यांना कळवलंस?"

"ते इचारणार, हितं गवत कुनी लावलं? मग सोसायटीवाले मला सोडत्याल व्हय? म्हनून गुपचूप पाटीत घालून घरी आनली."

"घरी? आरं, जाग्यावर ऱ्हायली असती तर ती येऊन घेऊन गेली असती. आता वास काढत तुझ्या दारात यील ती!"

"आज दिवस मावळायच्या आत परत नेऊन ठेवतो."

"आन् दूध इकत कशाला घेतोस? घरी म्हैस हाय ना?"

"सकाळपासनं पान्हाच सोडंना, राव. कान टवकारून नुसती परसाकडं बघती."

"घरी कोन हाय आत्ता?"

"पोरगी. दिशा."

"आत हाय ना? दार लावून?"

"न्हाई. परसात बसलीय, पिल्लांना मांडीवर घेऊन."