न बघता घातलेली सुई

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगबुवा, तुम्हीही हात आवरा. आज मी रागावलोय, आणि रागावलेल्या माणसाला ठेका सापडत नाही! एकच विचारतो. प्रारब्ध कशाला म्हणायचं? वीज पडली, प्रारब्ध. कबूल. पण धडधाकट डोळ्यांच्या माणसानं न बघता सुई खुपसली, तर तेही प्रारब्धच का? माना डोलवू नका, आधी ऐका!

कुंदा पटवेकर नावाची बाई. सराफकट्ट्याच्या कोपऱ्यावर बसून पंचवीस वर्षं मंगळसूत्रं ओवते. काळा मणी केवढा? मोहरीएवढा! त्याचं भोक शोधायला रोज भुवया आवळायच्या. मग दोन भुवयांच्या मध्ये खोल आठ्या पडल्याच की! तुमच्या कपाळाला आठ्या कशानं पडतात, ते सांगू? शेजाऱ्याच्या दारात नवी गाडी आली की बघा आरशात! हिच्या मात्र कामानं पडल्या होत्या.

तिच्या मुलीचं, सायलीचं, लग्न ठरलं. बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं दुकानात जमली. नवऱ्या मुलाची मावशी कुंदाकडे बघून विचारते, "या नवरीच्या आजी का?" सगळे हसले. कुंदाही हसली, करते काय बिचारी? पण घरी आल्यावर सायली हळूच म्हणाली, "आई, फोटोपुरतं तरी कपाळ नीट करून घे ना." मावशीचं बोलणं कुंदानं झटकून टाकलं होतं. लेकीचं मात्र आत लागलं.

गेली डॉक्टर खासनिसांकडे. "आठ्यांत जेल भरतो, पाच मिनिटांत कपाळ सपाट," डॉक्टर म्हणाले. कोपऱ्यात एक यंत्र उभं होतं, वर भरतकामाचं झाकण, तुमच्याकडे मिक्सरवर असतं तसं. कुंदानं विचारलं, "हे काय हो?"

"सोनोग्राफी. कातडीखालून रक्तवाहिनी कुठं जाते, ते दिसतं त्यात."

"मग आधी ते लावा की."

"ताई, त्यात दहा मिनिटं जातात. बाहेर माणसं खोळंबलीत. आणि पंधरा वर्षं झाली, माझी बोटंच बघतात."

बोटं बघतात! अहो, नळाचा पाइप कुठून गेलाय ते न बघता कुणी रस्त्यात कुदळ मारली, तर तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. इथं तर माणसाचं कपाळ होतं! प्रत्येकाची रक्तवाहिनी काही एकाच जागेवरून जात नाही, आणि तिथून वाट थेट डोळ्याकडे जाते. जेल तिच्यात शिरलं, की डोळ्याचं रक्तच तुंबलं! हे डॉक्टरला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं, म्हणूनच यंत्र घेतलं होतं ना! बाहेरच्या पाटीवर त्याचा फोटोसुद्धा होता.

कुंदाच्या ओठांवर आलं होतं, नको म्हणून. पण शिकल्यासवरल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? भिडेपोटी खुर्चीत मान टेकली. सुई गेली. उजव्या डोळ्यामागे कळ आली, आणि तिनं विचारलं, "डॉक्टर, दिवे गेले का?"

दिवे चालूच होते, मंडळी.

जेल विरघळवायची औषधं टोचली, मोठ्या इस्पितळात नेलं. उजव्या डोळ्याची दृष्टी काही परत आली नाही.

पंधरा दिवसांनी डॉक्टर फळं घेऊन घरी आला. कुंदा एका डोळ्यानं सायलीचं मंगळसूत्र ओवत बसली होती. एकेका मण्याला तीन-तीनदा सुई हुकत होती. तो म्हणाला, "क्वचित एखाद्याला होतं असं, ताई. प्रारब्ध म्हणायचं."

प्रारब्ध! हा शब्द आम्ही या गादीवर रडणाऱ्याचे डोळे पुसायला ठेवलाय. त्यानं त्या शब्दाला स्वतःचे हात पुसले!

कुंदा ओरडली नाही. तिनं सुई आणि एक काळा मणी त्याच्यापुढे धरला. "डोळे मिटा आणि ओवा."

"ताई, मला कसं..."

"पंधरा वर्षांची बोटं आहेत ना? ओवा."

मिटले त्यानं डोळे. एकदा हुकलं, दोनदा हुकलं, तिसऱ्यांदा सुई अंगठ्यात गेली.

"मणी निर्जीव असतो, डॉक्टर," कुंदा म्हणाली. "तरी मी आजवर एकाही मण्यात न बघता सुई घातली नाही. तुमच्यापुढं जिवंत माणूस बसलं होतं. मी तक्रार केलीय. ती फळं घेऊन जा."

बरं वाटलं ना ऐकून? डॉक्टरची जिरली म्हणून खूश झालात? थांबा! सुई त्याच्या हातात होती, पण बाईला त्या खुर्चीपर्यंत कुणी नेलं? मावशीनं आठ्या बघितल्या, पंचवीस वर्षांची मेहनत काही बघितली नाही. आणि लग्नात हीच मावशी चारचौघींत म्हणाली, "नशीब बिचारीचं!"

बायांनो, गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावा. कुणीतरी कपाळ आवळून, बघून बघून ओवलंय ते. आणि पुरुषांनो, तुम्ही गालात हसू नका, असल्या दुकानात तुम्हीही कधी हसला आहात! आता टाळ उचला, भजन म्हणा. पण ज्यानं, जिनं कुणा बाईचं "आजी का?" म्हणून हसं केलंय, त्यांनी आज टाळी वाजवू नका. हात मांडीवर ठेवा आणि गप्प बसा. कोण कोण बसलंय, ते मी इथून बघतोय.