फडकं बांधलं, पण रस्त्याच्या कडेला

गुरांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोघं बसले होते, एक शेतकरी आणि एक मेंढपाळ. शेतकरी आणि मेंढपाळांमधली भांडणं मिटवायला नेमलेले पंच हेच. मेंढपाळाच्या मांडीवर मेंढीनं मान टाकली होती.

“दादा, औषध फवारलेल्या शेताला लाल फडकं बांधायचं, हे आपणच ठरवलं होतं ना?” मेंढपाळानं विचारलं.

“बांधलं होतं, मामा. रस्त्याच्या कडेला.”

“रस्त्यानं तुम्ही येता. आम्ही ओढ्याकडून येतो.”

“ते डोक्यातच आलं नाही.”

“मग आज बैठकीत एवढंच सांगा. माझी पोरं शांत होतील.”

“कसली बैठक? रात्री तुमच्याच पोरांनी माझ्या भावाच्या उभ्या गव्हात कळप घातला. सकाळी भावकीनं तुमची वाट नांगरून टाकली.”

“सगळी?”

“पार ओढ्यापर्यंत.”

“आणि तुम्ही अडवलं नाही?”

“ट्रॅक्टर माझाच होता, मामा.”

“चावी कुणी दिली?”

“मीच. नसती दिली, तर मला गावात राहू दिलं असतं का?”

“मग उरलेली मेंढरं मी कुठून नेऊ?”

“कुठूनही न्या. पण कुणी अडवलं, तर मला हाक मारू नका.”