बोलण्याची वायर

नात : पण पुसायचाच कशाला? चालतोय की कॉम्प्युटर!

आजोबा : याला चालणं म्हणतेस तू? सकाळी बटण दाबलं की तुझी आंघोळ होते, वेणी होते, तरी हा आपला डोळे चोळतोय. आणि तुझ्या आईच्या कामाचा प्रोग्राम याच्यावर चढतच नाही. सोमवारपासून तिचं भाषांतराचं काम घरून सुरू होतंय. म्हणून जुनी सिस्टीम काढायची आणि नवी घालायची.

नात : काढायची म्हणजे पुसायची.

आजोबा : हो.

नात : मग सरळ पुसायची म्हणा ना. मोठी माणसं शब्द बदलतात तेव्हा दाल में... नाही, तेव्हा काहीतरी लपवायचं असतं.

आजोबा : बरं बाई, पुसायची. आता तरी खुर्ची सोडा, फौजदार. मला वायरी बघायच्यात.

नात : कोणी सांगितलं तुम्हाला पुसायला?

आजोबा : तुझ्या आईने.

नात : काय म्हणाली? जसंच्या तसं सांगा.

आजोबा : आता माझी जबानी घेणार का?

नात : मला माहीतच आहे. मी ऐकलंय फोनवर. ‘अण्णा, त्या डबड्यात मला जुनं म्हणून काही नकोय.’ जुनं म्हणजे बाबांचं.

आजोबा : जुनं म्हणजे जुनं. तू त्याला शेपूट कशाला लावतेस?

नात : बाबा वेगळे राहायला गेले. मग त्यांचं टेबल गेलं. मग खुर्ची गेली. मग दाराजवळचा त्यांचा बुटांचा स्टँडसुद्धा गेला. आता हे. मी काय बाळ आहे का, मला कळत नाही?

आजोबा : नाहीस बाळ. म्हणून तर तुला शेजारी बसवून करतोय, तुझ्या पाठीमागे नाही. हे बघ, ही छोटी डबी. सकाळपासून बसून मी सगळं हिच्यात उतरवून घेतलंय. फोटो, तुझ्या नाचाचे व्हिडिओ, बाबांचे कागद, सगळं. पुसण्याआधी जपायचं. मागच्या सुट्टीत शिकवलं होतं की नाही?

नात : शिकवलं होतं.

आजोबा : मग?

नात : मग काही नाही. लावा तुमचा तो नव्या सिस्टीमचा पेनड्राइव्ह.

आजोबा : अं? एवढ्यात तयार? मी तर अजून तासभर वाद होईल म्हणून पाणी पिऊन बसलो होतो.

नात : लावा म्हटलं ना. बघू या, होतंय का.

आजोबा : ‘होतंय का’ म्हणजे?

नात : म्हणजे होईलच. सहज म्हटलं.

आजोबा : हं. हा लावला पेनड्राइव्ह. आता सुरू करताना ही वरची कळ दाबून धरायची, म्हणजे यंत्र आधी पेनड्राइव्हकडे बघतं. बघ, आली नवी सिस्टीम. आधी भाषा विचारते... मग आपण कुठले ते विचारते... आणि आता विचारेल, कुठल्या डिस्कवर बसू? इथे मात्र घाई करायची नाही. इथे चुकीच्या ओळीवर बोट पडलं की... अरेच्चा.

नात : काय झालं?

आजोबा : एकही डिस्क दाखवत नाही.

नात : अरेरे. बिघडली वाटतं. जाऊ दे मग, आजोबा. आईला सांगू, नाही झालं.

आजोबा : सकाळी तर याच डिस्कवरून मी फोटो उतरवून घेतले.

नात : जुना आहे ना कॉम्प्युटर. जुन्या माणसांचं पण सकाळी बरं असतं आणि दुपारी दुखायला लागतं. तुमचा नाही का गुडघा?

आजोबा : माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस. ये, इथे कान लाव. कॅबिनेटला. काय ऐकू येतं?

नात : पंखा.

आजोबा : पंख्याच्या खाली. बारीक.

नात : काहीतरी... गुणगुणतंय.

आजोबा : ती डिस्क फिरतेय. म्हणजे ती जिवंत आहे, पण दिसत नाही. आता विचार कर. डिस्कला वायरी किती?

नात : दोन.

आजोबा : कुठल्या कुठल्या?

नात : एक जेवणाची, एक बोलण्याची. तुम्हीच सांगितलं होतं. एकीतून वीज येते, दुसरीतून ती बाकीच्यांशी बोलते.

आजोबा : शाबास. मग जेवतेय, फिरतेय, पण कोणाशी बोलत नाही. काय झालं असेल?

नात : रुसली असेल.

आजोबा : फौजदार.

नात : मला काय माहीत! उंदराने कुरतडली असेल.

आजोबा : उंदीर. बरं. जरा ते मागचं बघू. या पत्र्याला दोन स्क्रू आहेत, सकाळी मी धूळ झाडली तेव्हा दोन्ही होते. आता एकच आहे. उंदराकडे पेचकसही होता वाटतं?

नात : पडला असेल स्क्रू.

आजोबा : पडून कुठे गेला?

नात : माझ्याकडे काय बघताय? मी जेवत होते तेव्हा.

आजोबा : तेव्हा म्हणजे केव्हा? मी अजून वेळ सांगितलीच नाही.

नात : म्हणजे... दुपारी.

आजोबा : मी जेवून जरा आडवा झालो, तेव्हा ना? असू दे. मी रागावलेलो नाही. मला एवढंच सांग, यंत्र आधी बंद केलं होतंस ना? पिन काढली होतीस?

नात : काढली होती. आणि आधी खिडकीच्या गजाला हात लावला होता. अंगातली वीज जावी म्हणून.

आजोबा : मग ठीक. काम तर स्वच्छ केलंस. वायर कुठे आहे?

नात : कंपासपेटीत.

आजोबा : आण.

नात : नाही आणणार.

आजोबा : अगं, सगळं या डबीत आहे. दाखवू का उघडून?

नात : दाखवा! तो पाढ्यांचा खेळ उघडून दाखवा. बाबांनी बनवलेला.

आजोबा : आहे की. त्याचा अख्खा फोल्डर घेतलाय मी.

नात : फोल्डर येतो, खेळ येत नाही! मी पण घेतला होता. पेनड्राइव्हवर. शाळेच्या कॉम्प्युटरवर लावला तर म्हणतो, हा प्रोग्राम या सिस्टीमवर चालत नाही. दुसऱ्यावर लावला, तो पण तेच. मैत्रिणीच्या घरी लावला, तिथे तर पांढरी चौकट आली आणि गेली. तो फक्त इथेच चालतो. या जुन्या, डोळे चोळणाऱ्या कॉम्प्युटरवर. आणि तुम्ही म्हणता, सगळं जपलंय.

आजोबा : थांब. तू हे तीन ठिकाणी लावून बघितलंस?

नात : मग? कोणाच्या बोलण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

आजोबा : नाहीच ठेवायचा. चुकलो मी. अर्धंच शिकवलं तुला. पुसण्याआधी जपायचं, आणि जपलेलं दुसरीकडे उघडून बघायचं. दुसरा अर्धा मी स्वतःच केला नाही. फाईल आणली, पण ती ज्या घरात चालते ते घर पाडायला निघालो होतो.

नात : म्हणून वायर काढली.

आजोबा : पण मला एक सांग. सहावीत आहेस तू. तो खेळ दुसरीतल्या पोरांचा. आणि मी सकाळी निकालाची पाटी बघितली त्यातली. शेकडो गणितं सोडवलीस आणि बरोबर एकही नाही! गेल्या आठवड्यातली पण सगळी चूक. मी घाबरलोच, म्हटलं पोरीचे पाढे गेले कुठे? नऊ सत्ते?

नात : त्रेसष्ट.

आजोबा : बारा सत्ते?

नात : चौऱ्याऐंशी. सतराचा म्हणू का?

आजोबा : नको, मलाच येत नाही. मग ही भानगड काय आहे?

नात : बरोबर आलं की नुसती घंटा वाजते.

आजोबा : आणि चुकलं की?

नात : तो पेनड्राइव्ह आधी माझ्या हातात द्या.

आजोबा : हा घे. झडती पण घे हवी तर. खिशात फक्त चष्म्याचं घर आहे.

नात : आता यंत्र बंद करा. पिन मी काढते. ही घ्या वायर. हा स्क्रू. लावा. तिरकी नका लावू, खाच बघा.

आजोबा : हो बाई. बसली.

आई : अण्णा! झालं का पुसून?

नात : नाही!

आई : केवढ्याने ओरडतेस? मी दारातच आहे. आणि हे काय, चोरी पकडल्यासारखे दोघं जमिनीवर का बसलात? पत्रा का उघडलाय?

आजोबा : काही नाही गं. वायर जरा सैल झाली होती.

नात : खोटं. मी काढली होती.

आई : तू? का?

नात : तुला बाबांचं काही नको म्हणून.

आई : अण्णा, हे तुम्ही सांगितलंत हिला?

आजोबा : मी कशाला सांगू? फोनवर तू काही कुजबुजत नव्हतीस.

आई : हे बघ, राणी. म्हटलं मी तसं. खोटं नाही बोलत. हे यंत्र सुरू केलं की पडद्यावर पहिल्यांदा त्याचं नाव येतं, आणि ते गोल चक्र फिरत बसतं. सोमवारपासून मला रोज सकाळी याच्यासमोर बसायचंय. रोज कामाच्या आधी ते नाव नको मला. एवढंच.

नात : पण यात नुसते बाबा नाहीत. तू पण आहेस.

आई : मी? मी कुठून आले त्यात? मी तर याला हातसुद्धा लावत नव्हते.

आजोबा : मला वाटतं, आपण दोघांनी गप्प बसून ऐकावं. पुरावा आत्ता येतोय.

नात : थांबा, सुरू तर होऊ दे. फिरतंय चक्र. आई, तू वाटल्यास डोळे मीट. नाव गेलं की सांगते... गेलं. आता हा खेळ. हे विचारलं बघ, नऊ सत्ते किती. मी टाकते... सत्तर.

(संगणकातून, आधी जवळून पुरुषाचा आवाज, मग लांबून बाईचा) ‘चुकलं! जा, आईला विचार!’ ‘मला नको गं बाई विचारू, मला नऊचा पाढा येतच नाही!’

आई : अगं, हा तर माझा आवाज!

नात : आणि मग दोघं हसतात. ऐकलंस? बाबा आधी हसतात, तू नंतर.

आई : हे कधी केलं त्याने?

नात : मी दुसरीत होते. तू भांडी घासत होतीस. मागे नळ आहे बघ, चालू.

आई : मला सांगितलंही नाही की आवाज रेकॉर्ड करतोय म्हणून.

नात : सांगितलं असतं तर तू अशी बोलली नसतीस. फोनवर बोलतेस तशी बोलली असतीस.

आजोबा : म्हणून ही पोर पाढे चुकवत बसते. आणि मी शिकवणी लावायच्या विचारात!

आई : अण्णा, मग आता काय करायचं? काम तर मला करायचंय. नाही म्हणता येणार नाही मला.

आजोबा : नाही म्हणायचं नाही. माझ्या कपाटात एक डिस्क पडून आहे, जुनीच, पण धडधाकट. उद्या आणतो. या डब्यात दोन डिस्क बसतात. माझ्या डिस्कवर तुझी नवी सिस्टीम घालू. ही आहे तशीच राहील, हिला कोणी बोटही लावायचं नाही. सकाळी तू बटण दाबलंस की तुझी सिस्टीम सुरू होईल, तुझ्या नावाने. आणि कोणाला कधी वाटलंच, तर सुरू करताना वरची कळ दाबून ही निवडायची.

नात : नवी घालताना चुकून हिच्यावर बोट पडलं तर?

आजोबा : पडणार नाही. नवी घालताना हिची बोलण्याची वायर काढून ठेवू. दिसलीच नाही तर पुसणार कशी?

नात : आणि वायर कोणाकडे राहील?

आजोबा : कंपासपेटीत. आणखी कुठे?

नात : मग चालेल. पण मी समोर बसणार. आणि कुठल्या डिस्कवर बसायचं ते मी निवडणार.

आजोबा : तूच निवड. माझं बोट तसंही हल्ली थरथरतं.

आई : ए, परत लाव ना ते.

नात : परत लावता येत नाही. परत चुकावं लागतं.

आई : सरक जरा.

नात : आई, इथे आकडे दाबायचे आणि मग ही मोठी कळ. नऊ सत्ते त्रेसष्ट... अगं, तू साठ टाकलेस!

आई : टाकू दे. मला नऊचा पाढा येत नाही.