वायफाय कार्डावरचं कुंकू

जुन्या लॅपटॉपची रडगाणी तुम्ही मला सांगूच नका. लष्कर भागात राहणाऱ्या आमच्या काकांच्या लॅपटॉपवर मीच लिनक्स टाकून दिलेलं. दसरा झाला आणि त्याचं वायफाय गेलं. संध्याकाळी त्यांच्या मुलीला पाहायला व्हिडिओ कॉलवर पाहुणे येणार, काकू रडकुंडीला आलेली. मी हरिशंकरपुरमच्या माझ्या घरून स्कूटर पिटाळत गेलो. ड्रायव्हर पुन्हा टाकला, येतील तेवढ्या कमांड मारल्या. लिनक्सचं एकच, यात कार्डच नाही! शेवटी पेचकसाने स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं, तर नेटवर्क कार्डाच्या सोनेरी दातांवर हळदकुंकू!

"काका, ये क्या है?" मी ओरडलोच.

"खंडेनवमीला पुजलं. शिपायांचं घराणं आपलं. हत्यार पूर्ण खोलून, पुसून पुजायचं. वरवरची पूजा आपल्यात नाही."

मी खोडरबराने दात घासले, कार्ड परत बसवलं आणि वायफाय आलं. जिवात जीव आल्यावर सहज विचारलं, "अजून काय काय खोललंत?"

"तुझी स्कूटर. नवमीला इथेच उभी होती ना? ब्रेकसुद्धा अगदी मनापासून पुजलेत."

मी किल्ली खिशात टाकली आणि टेंपोने घरी गेलो.