सकाळचं नाट्यगृह

ठिणगी : व्हायरसच आहे, मामा. दुसरं काही असूच शकत नाही.

मामा : माझ्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. तू बाकीच्या पाचांचं बघ.

ठिणगी : बाकीचे पाच म्हणजे गुणी बाळं. सकाळी नऊपर्यंत गाढ झोपलेले असतात. तुझा सातला जागा होतो आणि भूत अंगात आल्यासारखा वीज प्यायला लागतो. हा बघ आलेख, मोबाइलवर.

मामा : हा कुठून आला?

ठिणगी : भिंतीतल्या प्लगला मीटर लावलंय. आठवडाभर. कोणता कॉम्प्युटर किती वीज खातो ते घरबसल्या दिसतं. मी दात घासताना बघते.

मामा : सख्ख्या मामावर पाळत. तुझ्या आईला सांगू का?

ठिणगी : सांग. मीटर तिनेच आणून दिलंय.

मामी : (दारातून) चर्चा झाली का मामा-भाचीची? बाराला दुकानदाराचा फोन येईल. नवे कॉम्प्युटर कोणते प्रोसेसर घालून हवेत आणि किती, एवढं एका वाक्यात सांगा मला. मी त्या माणसाला तिसऱ्यांदा थांबवणार नाही.

ठिणगी : मामी, ऐक ना. दोन प्रकार आहेत. एक पस्तीस वॅटवाला आणि एक एकशे पंचवीसवाला. मोठा म्हणजे सोळा हातांचा राक्षस. पण आपण घरांचे नकाशे काढतो, आणि नकाशा काढताना तो राक्षस एका हाताने काम करतो, बाकीचे पंधरा खिशात. मग त्याला पोसायचं कशाला? पस्तीसवाला थंड डोक्याचा आहे. पंखा जेमतेम फिरतो, वीज कमी खातो, आणि आपला फ्यूज उडायचा थांबतो.

मामी : तेवढं झालं तरी मी तुझी दृष्ट काढीन. परवा मी चहाची किटली लावली आणि बाहेरच्या खोलीत एकाचा अख्खा जिना गेला. सेव्ह केला नव्हता बिचाऱ्याने. दिवसभर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याला जिन्यावरून ढकललंय.

मामा : ठरलं तर. पस्तीसवाले पाच.

मामी : पाच?

मामा : माझा राहू दे. हाताला सवय झालीय.

मामी : बरं. ठरवा काय ते. मी बाहेर आहे.

ठिणगी : मामा, सगळ्यात खादाड तोच आहे. तोच ठेवायचा म्हणजे गळकी बादली ठेवायची आणि उरलेल्या बदलायच्या. शाळेत कॉम्प्युटरची खोली मी मार्गावर आणली ना, तिथे पहिल्यांदा काय केलं माहितेय?

मामा : माहितेय. तुझ्या आईने फोनवर दोनदा सांगितलं, मग तू तीनदा सांगितलंस.

ठिणगी : सगळ्यात म्हाताऱ्याला आधी निवृत्त केलं.

मामा : म्हाताऱ्यांवर फार डोळा दिसतो तुझा.

ठिणगी : विषय बदलू नकोस. सात ते नऊ तू काय करतोस? त्या वेळेत एकही नकाशा सेव्ह केलेला नाही. मी पाहिलं.

मामा : विचार करतो. तुझी मामी नऊशिवाय उगवत नाही. कोपऱ्यावर ते पडद्यांचं दुकान आहे ना, रोज त्याच्या काचेसमोर उभी. इतके महिने बघतेय, घेत एकही नाही. तेवढीच मला शांतता.

ठिणगी : तुझ्या शांततेत कॉम्प्युटर का उकळतो पण? सरक जरा. शेवटी काय उघडलं होतं बघू दे. आज सकाळी सात, नाट्यगृह. काल सात, नाट्यगृह. परवा नाट्यगृह. मामा, आपल्याकडे नाट्यगृहाचं काम आलंय?

मामा : जुनं आहे ते. बंद कर.

ठिणगी : हे तू काढलंस? हे छत? असं उलगडत गेलेलं?

मामा : ज्यांच्यासाठी काढलं, त्यांना पसंत पडलं नाही. त्या जागेवर आता गाड्या उभ्या करतात.

ठिणगी : मूर्ख आहेत. फिरवून बघू? सगळ्या बाजूंनी बघायचंय मला.

(ती नाट्यगृह फिरवते. पडद्यावर इमारत हळूहळू वळू लागते, कॉम्प्युटरचा पंखा घोंघावतो, मागच्या जाळीतून गरम वारा येतो. मामाचे दोन्ही हात, त्याच्याही नकळत, त्या वाऱ्यापाशी जाऊन थांबतात. ठिणगीला ते दिसतात.)

ठिणगी : मामा.

मामा : हं?

ठिणगी : शेकतोयस तू.

मामा : हळू बोल.

ठिणगी : व्हायरस नाहीच. रोज सकाळी तू हे फिरत ठेवतोस आणि हात शेकत बसतोस. कधीपासून?

मामा : मागच्या थंडीच्याही आधीपासून. सकाळी मूठच वळत नाही गं. माउस धरला की बोटं लाकडाची. अर्धा तास शेक मिळाला की सुटतात, मग दिवसभर काही नाही. रेघ अजून सरळ येते माझी. बघ हवं तर.

ठिणगी : मला काय दाखवतोस? डॉक्टर काय म्हणाले?

मामा : शेक द्या म्हणाले. देतोय.

ठिणगी : त्यांनी कॉम्प्युटरचा दे म्हटलं नसेल. घरी मामीला सांगितलंस तर ती...

मामा : ती म्हणेल, झालं तेवढं पुरे, आता बसा घरी. आणि तिने एकदा म्हटलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. हे टेबल सुटलं तर मी करू काय, ठिणगे? म्हणून म्हणतो, पाच घे. एक खादाड राहू दे.

ठिणगी : मी शाळेत सगळ्यांना सांगून आलेय, मामाच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर मी निवडणार म्हणून. वर ही आकडेमोड.

मामा : माहितेय. छान केलीयस. खरंच.

ठिणगी : गोड बोलू नकोस, रडू येतं.

मामी : आला फोन. बोला, किती?

ठिणगी : पाच.

मामी : का गं? मघाशी गळकी बादली कोण म्हणत होतं? भिंती कागदाच्या आहेत इथल्या.

ठिणगी : मामाचा... त्याचा चांगला आहे. अजून चालेल.

मामी : खोटं बोलताना तू अगदी तुझ्या मामासारखी कान खाजवतेस. (फोनवर) हं, सहा. पस्तीस वॅटवाले. हो, सहाच. ठेवते.

मामा : अगं, पण माझा...

मामी : त्या पडद्यांच्या दुकानातले सगळे रंग मला पाठ झालेत. मला पडदे आवडतात असं वाटलं तुम्हाला?

मामा : म्हणजे?

मामी : एकदा छत्री न्यायला लवकर आले होते. दाराच्या काचेतून पाहिलं. ही इमारत फिरत होती आणि तुम्ही शेकोटीपाशी बसल्यासारखे हात पुढे करून बसला होतात. आत येणार होते. पण तुम्ही लपवत होता. मग म्हटलं, नऊला जाऊ.

मामा : आणि घरी बसा म्हणाली नाहीस.

मामी : घरी बसवून काय मिळणार मला? टेप घेऊन माझं स्वयंपाकघर मोजत फिराल. ठिणगे, नव्यावर फिरेल का गं हे नाट्यगृह?

ठिणगी : फिरेल की. आवाजसुद्धा येणार नाही. फक्त गरम वारा नाही येणार.

मामी : नको येऊ दे. गरम पाण्याची पिशवी आहे माझ्या खणात. मागच्या थंडीत आणली. देऊ कशी, हा प्रश्न होता. उद्यापासून मीही सातला येते. पिशवी भरेन आणि हे फिरताना बघेन. काचेतून नीट दिसत नाही.

मामा : आज...

मामी : आजही भरते. आण ती किटली इकडे.

ठिणगी : मामी, थांब. सहाही कॉम्प्युटर चालू आहेत. किटली लावलीस तर फ्यूज उडेल, पुन्हा कुणाचा तरी जिना जाईल.

मामा : माझा बंद कर, ठिणगे. लावू दे तिला.