पत्रातला रकान

नाव : झुलेइदे प्रादो. वय : ५७ वर्षे. धंदा : राहण्याच्या परवान्यावर इंग्रजीची शिक्षिका, खरे म्हणजे ख्रिस्ती मिशनरी, दोन्ही लिहावे. मूळ गाव : अनापोलिस, ब्राझील. राहणार : हाश्मी शमाली, बेकरीमागे, पहिला मजला, अम्मान. दिनांक १४ ऑक्टोबर २०१८, रविवार, सकाळी साडेदहा.

मी ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाचा धाक नसताना सांगते की, या वस्तीत मी एकोणीस वर्षे राहते. घराखालच्या तळघरात तरुण मुलांसाठी क्लब चालवते. तिथे टेबल टेनिसचे टेबल, दोन गिटार आणि इंग्रजीचा वर्ग आहे. जेवण्याआधी मी प्रार्थना म्हणते, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी. वस्तीत लहानथोर मला मावशी म्हणतात.

काल ज्याला पकडून आणले तो रकान, वय २३, फ्रिज दुरुस्त करणाऱ्या अबू रकान यांचा थोरला मुलगा. तो अकरा वर्षांचा असल्यापासून येतो. शुक्रवारी मशिदीतून नमाज पढून सरळ खेळायला यायचा. मी त्याला शुभवर्तमान वाचून दाखवले, एकदा नव्हे, पुष्कळदा. तो ऐकायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुझा येशू भला माणूस आहे, पण तुझी सर्व्हिस काही सुधारत नाही." पुढे तोच लहान मुलांना खेळ शिकवू लागला. क्लबचा फ्रिजही तोच दुरुस्त करायचा. तो ख्रिस्ती झाला नाही. होतो असे कधी म्हणालाही नाही. हे वाक्य ठळक लिहावे अशी माझी विनंती आहे.

आमच्यात रीत आहे की, मिशनऱ्याने दर महिन्याला मायदेशीच्या मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला, पत्र धाडायचे. कोणासाठी प्रार्थना करावी ते त्यात असते. रविवारी ते सगळ्यांपुढे वाचतात, आणि हल्ली इंटरनेटवरही टाकतात. गेल्या जानेवारीत मंडळीने विचारले होते की, एकोणीस वर्षांत एक तरी जीव प्रभूकडे आला का. प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होते, नाही. ते लिहायची मला लाज वाटली.

फेब्रुवारीत रकानची आजी वारली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच क्लबात आला, लांब टेबलापाशी बसला आणि मान खाली घालून रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्याने हात झटकला नाही, कारण तो सभ्य आहे. आमच्याकडे पाहुणी आलेल्या बाईने फोटो काढला. मी तिला अडवले नाही.

मार्चच्या पत्रात तो फोटो घालून मी लिहिले की, आमच्या तरुण र.ने डोके लववून ख्रिस्ताला आपले म्हटले. मंडळीतून अठ्ठावीस उत्तरे आली. बायका आनंदाने रडल्या म्हणे. मला त्या आठवड्यात छान झोप लागली, हेही खरेच सांगते.

अनापोलिसच्या बाजारात इथल्याच एका घराण्याचे कापडाचे दुकान आहे. माझ्या आईकडचे पडदे त्याच दुकानातले. एवढे ठाऊक असूनही मला वाटले, पोर्तुगीज पत्र इथे कोण वाचतो.

परवा शुक्रवारी रकानच्या घरची वडीलधारी मंडळी दिमा नावाच्या मुलीला रीतसर मागणी घालायला गेली होती. दोघांचे दोन वर्षांपासून ठरत होते. पुढचे मी पाहिलेले नाही, रकानच्या आईने सांगितले ते सांगते. मुलीकडच्यांनी कॉफी दिली. मागायला आलेल्यांच्या म्होरक्याने पेला न पिता खाली ठेवायचा आणि यजमानाने "प्या, मागायला आलात ते दिलं" म्हटल्यावर उचलायचा, हे साहेबांना मी काय सांगावे. मुलीच्या काकांनी ते वाक्य म्हटले नाही. त्यांनी पेल्याशेजारी मोबाइल ठेवला. त्यात माझे पत्र होते, अनापोलिसच्या त्या दुकानवाल्या चुलतभावाने अरबी करून पाठवलेले. फोटोचे अरबी करायची गरज नव्हती. काका वाईट बोलले नाहीत. एवढेच म्हणाले की, धर्म बदलल्याचं ज्याने बापालाही सांगितलं नाही त्याच्या घरी पोरगी कशी देऊ. चाळीस माणसे उठून परत आली.

काल शनिवारी चारच्या सुमारास रकान क्लबात आला. आत सहा मुले होती, त्यांना त्याने आधी बाहेर पाठवले. मग मोबाइल माझ्यासमोर धरून विचारले, "हे मी कधी म्हणालो?" मी म्हटले, नाही म्हणालास. तो म्हणाला, "मग लिहिलंस कशाला?" मी म्हटले, तुझ्यावरच्या मायेपोटी लिहिले. साहेब, माझ्या तोंडून हे कसे निघाले देव जाणे.

त्यावर तो म्हणाला, "घरी बापेमाणसं आजीच्या मातमाला बसली होती. मला रडायला जागा नव्हती, म्हणून तुझ्याकडे आलो होतो, मावशी. तू माझं रडणं विकलंस."

नंतर त्याने टेबल रस्त्यावर ओढत नेऊन त्याचा पाय मोडला आणि दाराची काच फोडली. मला बोटही लावले नाही. फोन मी केला नाही, बेकरीवाल्याने केला. शिपाई आले तेव्हा तो पायरीवर बसून हाताला रुमाल गुंडाळत होता.

माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. नुकसानभरपाई नको. ते टेबल बारा वर्षे त्यानेच सांभाळले, पाय मोडायचा हक्क असेल तर त्याचाच.

साहेबांनी इथे पेन थांबवून समजावले की, तक्रार नाही एवढ्यावर काम भागते, मुलगा तासाभरात सुटतो. पत्राचे आणि मिशनचे लिहिले तर कागद परवान्याच्या कचेरीत जाईल आणि मला देश सोडावा लागेल. त्यांनी भल्यासाठी सांगितले, मी त्यांची आभारी आहे. मला इथून जायचे नाही. अनापोलिसमध्ये माझे आता कोणी उरले नाही. आईही गेली, फक्त पडदे आहेत. तरीही लिहावे असे सांगितले, त्याचे कारण पुढे देते.

सकाळी मी आले तेव्हा बाहेरच्या बाकावर अबू रकान बसले होते. मी शेजारी बसले. शिपायाने दोघांना कॉफी आणून दिली. मी पिऊ लागले. त्यांनी आपला पेला न पिता दोघांच्या मध्ये बाकावर ठेवला. एकोणीस वर्षांत मी त्या घरी कितीदा जेवले, पण त्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. आता म्हणाले, "मावशी, पोरगा सुटेल गं. पण सुटून जाईल कुठे?"

शिवी दिली असती तर बरे झाले असते. मी म्हटले, "प्या, अबू रकान. मागायला आलात ते दिलं."

त्यांनी पेला उचलला नाही. म्हणाले, "आधी सही."

म्हणून सांगते की, मार्चच्या पत्रात रकानविषयी लिहिलेला मजकूर खोटा आहे. तो मी माझ्या मंडळीपुढे मान राखण्यासाठी लिहिला. रकान जसा बापाने वाढवला तसाच आहे. या जबाबाची एक प्रत मुलीच्या काकांना द्यावी आणि एक माझ्या मंडळीला. तिथे ती रविवारी वाचावी, पत्र वाचतात तशीच, मोठ्याने.

लिहिलेले मला अरबीत वाचून दाखवले. एके ठिकाणी "गैरसमजातून" असे होते, ते खोडायला लावून "खोटे" करून घेतले. बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. दार उघडे आहे आणि इथून बाक दिसतो. पेला भरलेला आहे. सही करते.

(सही) झुलेइदे प्रादो