उलटलेली पाटी

(जपानमधलं कुरे बंदर. दुसरं महायुद्ध संपून सत्तावीस वर्षं झाली. ‘मिनेसाकी’ या आरमाराच्या रसद-जहाजाचा कोठारप्रमुख तोकुजिरो आता जहाजाचा इतिहास लिहितोय. दारात सुगी, त्याच जहाजावरच्या ‘गेंकिची’ नावाच्या खलाशाची बहीण.)

सुगी: नको हो साहेब, आत कशाला? मी इथं पायरीवरच बरी.

तोकुजिरो: असं लाजवू नका, सुगीताई. वर या. चहा ठेवलाय.

सुगी: हा डबा तेवढा ठेवून घ्या. आमच्या झाडाचीच सुकवलेली पर्सिमनची फळं आहेत. माफी मागायला आलेय मी.

तोकुजिरो: माफी? कसली?

सुगी: आमच्या गेंकिचीनं जहाजाला काळिमा फासला, त्याची. दरवर्षी जहाजाच्या स्मारकाशी येते, पण सगळ्यांच्या मागे उभी राहते. पुढे कुठल्या तोंडानं जाऊ? आई तर मरेपर्यंत गावच्या विहिरीवर दिवसाउजेडी गेली नाही. पळपुट्याची आई म्हणत तिला.

तोकुजिरो: ताई...

सुगी: ऐकलं की तुम्ही सगळ्या खलाशांची नावं छापताय. एवढे उपकार करा, त्याचं नाव गाळा. आणखी किती वाचायचं लोकांनी?

तोकुजिरो: गाळायचं कसं? तीन महिने झाले, त्याच पानावर अडलोय मी.

सुगी: अहो, त्यात अडायचं काय? ‘जहाज सोडून पळाला’ असंच ना?

तोकुजिरो: नाही. पळाला नाही तो. मीच पाठवलं होतं त्याला.

सुगी: ...कुठं?

तोकुजिरो: माझ्या आईकडं. कोठारातली साखर चोरली होती मी. लढणाऱ्या जहाजांसाठी आम्ही गोड वड्या करायचो, त्यातली. आई एकटी, उपाशी. गेंकिची चपळ. म्हटलं, ‘भाजीच्या होडीतून जा आणि तासाभरात ये.’ ‘आत्ता आलो बघा,’ म्हणाला.

सुगी: रजा नसताना?

तोकुजिरो: रजा नसताना. म्हणून त्याची पाटी तशीच ठेवायला सांगितली. शिडीपाशी प्रत्येकाच्या नावाची लाकडी पाटी असायची. काळी बाजू म्हणजे जहाजावर, लाल म्हणजे बाहेर. जाणाऱ्यानं आपली आपण उलटायची. तेवढ्यात शत्रूची विमानं आली आणि जहाज घाईनं सुटलं.

सुगी: आणि पाटी काळीच.

तोकुजिरो: काळीच. पाटी काळी आणि हजेरीला माणूस नाही, म्हटलं की पहिला प्रश्न, कुणी सोडलं? मग साखर निघाली असती. कुणाचं लक्ष नाही बघून मी ती लाल केली. एका बोटानं. झालं! सगळ्यांनी धरून चाललं, गेंकिची आपणहून उतरला आणि परतलाच नाही.

सुगी: सत्तावीस वर्षं हो! सत्तावीस वर्षं मी तुम्हाला वाकून नमस्कार करतेय. ‘साहेबांनी कधी टोमणा मारला नाही’ म्हणून आईला सांगायची मी!

तोकुजिरो: तुम्ही वाकायच्या तेव्हा वाटायचं, जमीन फाटावी. तरी तोंड उघडलं नाही. भित्रा मीच.

सुगी: साखर... पोचली का तुमच्या आईला?

तोकुजिरो: पोचली. युद्ध संपल्यावर आईनंच सांगितलं. हल्ल्याचा भोंगा वाजला, ती म्हणाली, ‘पोरा, आडोशाला बस.’ तर म्हणाला, ‘नाही आजी, जहाज सुटेल.’ आणि धावत सुटला, बंदराकडं. त्या रस्त्यावर नंतर काही उरलं नाही.

सुगी: बंदराकडं?

तोकुजिरो: बंदराकडंच.

सुगी: म्हणजे परत येत होता माझा भाऊ.

तोकुजिरो: हो. मारा मला, शिव्या घाला. वर्तमानपत्रात द्या.

सुगी: मारून काय करू? माझी आई नाही आता ऐकायला. आत येते मी. कागद घ्या. साखर लिहा, पाटी लिहा, तुमचं नाव लिहा.

तोकुजिरो: लिहितो. सगळं लिहायला वेळ लागेल.

सुगी: लागू दे, मी बसलेय. आणि तो डबा इकडे द्या. माफीसाठी आणला होता, परत घरी नेते.